गिटारची जवारी कोण काढून देणार, ते आधी विचारा

साताऱ्याहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. मुलगी १२ वर्षांची, तिला गिटार शिकायची आहे, आणि १२,००० रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे. गावातल्या ओळखीच्या छोट्या दुकानात यामाहाची एफ-३१० मिळते आहे. तीच गिटार पुण्यातल्या एका मोठ्या साखळीच्या शोरूममध्ये ७०० रुपयांनी कमी, वर कव्हर, पट्टा आणि ट्यूनर फुकट. ऑनलाइन बघितली तर आणखी थोडी कमी. त्यांचं म्हणणं असं, की वस्तू जर तीच आहे, तर गावातल्या दुकानदाराला ७०० रुपये जास्त कशाबद्दल द्यायचे?

मी पुण्यात पंचवीस वर्षं गिटार दुरुस्त करतो आणि संध्याकाळी शिकवतो. माझं दुकान नाही, आणि कुठल्या दुकानाकडून मला कमिशनही मिळत नाही. पण दुकानातून गेलेली गिटार दोन-तीन महिन्यांनी माझ्या टेबलावर येते, आणि तिच्याकडे बघून ती कुणाच्या हातातून गेली आहे ते कळतं. कुणाच्याच हातातून गेली नसेल तर तेही कळतं. म्हणून माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. साताऱ्याचा दुकानदार गिटार तुमच्यासमोर सेटअप, म्हणजे तारांची उंची बसवून वाजवायला तयार, करून देत असेल, तर ७०० रुपये आनंदाने द्या आणि तिथूनच घ्या. देत नसेल, तर पुण्याहून घ्या आणि वाचलेले ७०० रुपये एखाद्या चांगल्या कारागिराला देऊन ते काम करून घ्या. ते काम न करता गिटार मुलीच्या हातात मात्र देऊ नका.

हे काम म्हणजे काय, ते मराठी माणसाला तंबोऱ्यावरून चटकन कळेल. मिरजेत सतारमेकर मंडळींकडे तंबोरा घ्यायला गेलात, तर भोपळा कसा, दांडी कशी, हे बघून झाल्यावरही व्यवहार पूर्ण होत नाही. कारागीर तंबोरा पुढ्यात घेऊन घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासतो, तार छेडतो, तारेखालचं सूत केसभर सरकवतो, पुन्हा ऐकतो. गाणारा म्हणतो, अजून थोडी खुली करा. मग पुन्हा तेच. यालाच जवारी काढणं म्हणतात. जवारी काढल्याशिवाय तंबोरा उचलून घरी नेणारा गवई मी पाहिलेला नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावामागे ही शेवटची बैठकही आहे. गिटारलाही अशीच शेवटची बैठक लागते. फक्त ती खोक्यात बंद होऊन येते, चकचकीत असते, म्हणून आपल्याला वाटतं की ती तयार आहे.

ती तयार नसते. कारखान्यातून निघताना नटच्या, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या, खाचा मुद्दाम थोड्या उथळ आणि सॅडल, म्हणजे खालच्या टोकाची तशीच पट्टी, थोडं उंच ठेवलेलं असतं. उंच असलेलं घासून खाली आणता येतं, पण जास्त खोल गेलेली खाच भरून काढायची तर नटच बदलावा लागतो. दुसरं कारण मला जास्त खुपतं. तारा खाली असल्या आणि फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटून घरघर करू लागल्या, तर गिऱ्हाईक गिटार परत आणतं. तारा उंच असल्या, तर परत आणत नाही. शिकणारा आपल्याच बोटांना दोष देतो, आठ-पंधरा दिवस हाताला फोड घेऊन बसतो, आणि मग गिटार कपाटावर जाते.

गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी आईबरोबर आली. एका मोठ्या शोरूममधून घेतलेली नवी कोरी गिटार, तीन महिन्यांची. आई म्हणाली, "हिचा हात नाजूक आहे, जमत नाहीये, विकायची का?" मी बाराव्या फ्रेटवर पट्टी लावली. जाड तारेखाली ४ मिलीमीटर अंतर. माझा हात काही नाजूक नाही, पण त्या गिटारवर अर्धा तास वाजवायला मलाही नको वाटलं असतं. नटच्या सहाही खाचा घासल्या, ट्रस रॉड, म्हणजे दांडीच्या आतली सळई, पाव फेरा आवळला, सॅडल खालून घासलं, जाड १२ नंबरच्या तारा काढून बारीक १० नंबरच्या लावल्या. पाऊण तास गेला. अंतर २.३ मिलीमीटरवर आलं. मुलीने तिथेच सी कॉर्ड धरला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा सगळ्या तारा वाजल्या. तिचा चेहरा मी विसरणार नाही. शोरूममध्ये त्या गिटारवर हेच काम झालं असतं, तर तिचे तीन महिने वाया गेले नसते.

म्हणजे मोठी दुकानं वाईट आणि छोटी चांगली, असा निष्कर्ष काढू नका. माझी स्वतःची पहिली गिटार पेठेतल्या एका छोट्या दुकानातली. मी अकरावीत होतो. दुकानदार वडिलांच्या ओळखीचा, त्यामुळे आम्ही काही विचारलंच नाही. नेक, म्हणजे दांडी, पुढे वाकलेली होती आणि आत ट्रस रॉड नव्हता, म्हणजे ती सरळ करण्याचा उपायच नव्हता. दोन वर्षं मला वाटत होतं की आपल्या बोटांत जोर नाही. मग एका म्हाताऱ्या कारागिराने ती गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरली, नेकच्या कडेवरून बघितलं आणि म्हणाला, "पोरा, हिच्यावर कुणालाच वाजवता येणार नाही." माझं पुढचं सगळं काम त्या एका वाक्यातून निघालं. त्या दुकानदाराने फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्यालाच कळत नव्हतं. तो हार्मोनियम, तबला, ढोलकी, खंजिरी सगळं विकत होता, गिटार त्यातलीच एक.

तेव्हा दुकानाच्या पाटीकडे बघण्याआधी दुकानात काम करायचं टेबल आहे का, ते बघा. कानशी, नटच्या बारीक पात्यांच्या फाइली, ॲलन पाने, फ्रेटवर ठेवायची सरळ पट्टी दिसली, तर तिथे कुणीतरी गिटार उघडतो हे नक्की. काऊंटरवर नुसता मोबाइल आणि बिलबुक असेल, तर दुकान पाच फुटांचं असो की पाच हजार फुटांचं, तुम्ही खोकं विकत घेताय. जर्मनीतलं थोमान हे युरोपातल्या सर्वांत मोठ्या वाद्यविक्रेत्यांपैकी एक. ते १९५४ मध्ये बव्हेरियातल्या ट्रेपेनडॉर्फ नावाच्या खेड्यात सुरू झालं आणि आजही तिथूनच चालतं. आपल्याकडे धोबीतलावच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाचं मूळ १८६५ पर्यंत मागे जातं, आणि आज त्यांची दुकानं अनेक शहरांत आहेत. सगळी मोठी दुकानं कधीतरी छोटीच होती. वाढताना टेबल बरोबर नेलं की मागे ठेवलं, एवढाच फरक.

दुकानात उभं राहून तपासायचं कसं, ते सांगतो. याला गिटार वाजवता यावी लागत नाही. खिशात स्टीलची छोटी पट्टी ठेवा, शाळेच्या कंपासमधली नको, कारण तिचा शून्य टोकापासून सुरू होत नाही. गिटार सुरात लावायला सांगा, कारण ढिल्या तारांवर कुठलंच माप खरं नसतं. बाराव्या फ्रेटच्या माथ्यावर पट्टी उभी धरून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. अडीच मिलीमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आत हवं. तीनच्या वर असेल, तर दुकानदाराला सांगा की खाली आणून द्या.

त्यानंतर नट. हा भाग सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे, आणि शिकणाऱ्याला सगळ्यांत जास्त त्रास इथूनच होतो. जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात कागद जेमतेम जाईल एवढीच फट हवी. पोस्टकार्ड सहज आत-बाहेर होत असेल, तर खाच उंच आहे. उंच नटचा दोष नुसता बोटं दुखण्यापुरता नसतो. तार खाली दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनर दाखवतो की मोकळ्या सहाही तारा सुरात आहेत, पण कॉर्ड धरला की बेसूर. आपल्याकडच्या मुलांचे कान घरात तानपुरा, पेटी, भजन ऐकून तयार झालेले असतात. त्यांना हे बेसूरपण टोचतं, पण कुठून येतं ते कळत नाही.

तिसरं, पहिला आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबून मधल्या सातव्या फ्रेटवर बघा. तिथे केसभर फट हवी. फट मोठी दिसली तर नेक पुढे वाकली आहे, अजिबात नसेल तर मागे गेली आहे किंवा अगदी सपाट आहे. सहा तारा मिळून नेकला ७० किलोच्या आसपास ओढतात, त्यामुळे नेक थोडी हलणारच, आणि तिला ओढून धरायलाच आत ट्रस रॉड असतो. म्हणून पान्याने फिरणारा ट्रस रॉड आहे का, हे विचारायला लाजू नका. नसेल तर किंमत कितीही कमी असो, ती गिटार घेऊ नका. शेवटी बोट नेकच्या दोन्ही कडांवरून वर-खाली फिरवा. फ्रेटची टोकं कापल्यासारखी लागली, तर ती घासून द्यायला सांगा.

हे सगळं सांगितल्यावर समोरचा काय करतो, त्यावर तुमचा निर्णय अवलंबून ठेवा. चांगला दुकानदार खूश होतो. तो म्हणेल, "बसा, चहा घ्या, अर्ध्या तासात करून देतो." दुसरा म्हणेल, "नवीन गिटार अशीच असते, वाजवून वाजवून तारा खाली बसतात." असं म्हणणारा भेटला तर तिथून निघा. तारा आपोआप खाली बसत नाहीत. आपल्या हवेत झाल्या तर वरच जातात.

मोठ्या शोरूमचे फायदे खरे आहेत, आणि ते मी नाकारणार नाही. एका दुपारी दहा गिटार हातात घेऊन बघता येतात, आणि १२ वर्षांच्या मुलीसाठी हे फार मोलाचं आहे. एकाच मॉडेलच्या दोन गिटारसुद्धा वेगळ्या निघतात. पक्कं बिल मिळतं, हप्ते होतात, वॉरंटीचं काम कागदावर चालतं. पण तिथे भिंतीवरची गिटार वाजवून बघता आणि गोदामातून बंद खोकं हातात मिळतं, असं वारंवार होतं. तुम्ही जी तपासली ती ही नव्हे. खोकं तिथेच उघडा, तारा सुरात लावून घ्या आणि मापं पुन्हा घ्या. मी तर भिंतीवरचीच मागतो. बारीक ओरखडा असला तरी चालेल, पण ती पाच-सहा महिने तारांच्या ताणाखाली राहून तिचं जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं. एवढं बघायचं, की लाकडाला चीर नाही आणि ब्रिज, म्हणजे वरच्या फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी, मागच्या बाजूने उचललेला नाही. ब्रिज आणि फळीच्या मध्ये कागद सरकता कामा नये.

सेल्समन साखळीच्या स्वतःच्या ब्रँडकडे वळवू लागला, तर घाबरू नका, पण घाईही करू नका. त्यात दुकानाला नफा जास्त असतो, म्हणून तो आग्रह असतो. म्हणजे गिटार वाईटच असते असं नाही. आज कितीतरी ब्रँडांच्या गिटार एकाच कारखान्यात शेजारी शेजारी बनतात. पीआरएस या अमेरिकी कंपनीच्या एसई मालिकेतल्या बऱ्याच गिटार इंडोनेशियात कॉर्ट या कोरियन कंपनीच्या कारखान्यात होतात. लाकडाच्या नावालाही भुलू नका. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं, तेव्हा कंपन्यांनी फ्रेटबोर्डसाठी दुसरी लाकडं घेतली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ती लाकडं राहिलीच. दुकानात मात्र कुठल्याही काळपट फळीला रोझवूड म्हणायची सवय गेलेली नाही. १२,००० रुपयांच्या गिटारमध्ये त्याने काही बिघडत नाही. नट आणि नेक नीट असणं जास्त महत्त्वाचं.

आता पैशाचं. मोठ्या कंपन्यांच्या मालाला एमओपी ठरलेली असते, म्हणजे अशी किंमत, की तिच्याखाली अधिकृत डीलरने विकायचं नाही. छोट्या दुकानदाराला वितरकाकडून माल घेताना मोठ्या साखळीइतकी सूट मिळत नाही. त्यामुळे ७०० रुपयांसाठी त्याला पिळण्यात अर्थ नाही, तो कमी करेल आणि मग सेटअप करणार नाही. मी लोकांना सांगतो, भाव करू नका, काम मागा. "किंमत तुमची, पण तारा १० नंबरच्या लावून द्या, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली आणून द्या, आणि दोन महिन्यांनी एकदा फुकट बघून द्या." याला बहुतेक दुकानदार आनंदाने हो म्हणतात, कारण यात त्यांचा जातो तो वेळ. फुकटचं कव्हर, पट्टा यांची किंमत करायला बसलात तर फार होत नाही, आणि ट्यूनर तर मोबाइलमध्ये मिळतो. एक गोष्ट मात्र ठाम राहून करा. "बिल नको असेल तर अजून ३०० कमी करतो" असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणा. बिलाशिवाय वॉरंटी नाही, आणि नामांकित ब्रँडची नक्कल हाती आली तर तक्रारीला जागा नाही. साउंडहोलमधून आत डोकावून लेबल आणि मालिका क्रमांक बघा, तोच क्रमांक बिलावर लिहून घ्या.

ऑनलाइन माझ्या मते दुसऱ्या गिटारसाठी. ज्याला नेमकं मॉडेल माहीत आहे, सेटअप स्वतः करता येतो किंवा कारागीर ओळखीचा आहे, त्याने खुशाल घ्यावी. पहिल्या गिटारसाठी घ्यायचीच झाली, तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपायच्या आत वरची तिन्ही मापं घ्या.

आपली मराठी मंडळी अमेरिकेतून हाच प्रश्न विचारतात, म्हणून दोन ओळी. तिथल्या गिटार सेंटर या मोठ्या साखळीने नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, मग त्यातून बाहेर येऊन दुकानं चालू ठेवली. तिथेही नियम तोच, भिंतीवरची घ्या आणि मापून घ्या. इंडियानातलं स्वीटवॉटर हे वाद्यांचं दुकान मात्र प्रचंड मोठं असूनही टेबल सांभाळून आहे. बऱ्याचशा गिटार पाठवण्याआधी तपासतात आणि मालिका क्रमांकानुसार त्याच गिटारचे फोटो दाखवतात. भारतात येताना तिकडून गिटार आणणार असाल, तर एकच विनंती, आख्ख्या, म्हणजे थर न चिकटवलेल्या, लाकडाची आणत असाल तर इथल्या हवेचा विचार करा.

हवेमुळेच मी या मुलीसाठी एफ-३१० ला मान्यता देतो. तिचं तोंड, म्हणजे वरची फळी, एकावर एक चिकटवलेल्या थरांची आहे. आवाज यामाहाच्याच आख्ख्या स्प्रूस लाकडाच्या एफएस-८०० सारखा खुलत नाही, पण एप्रिलच्या दुपारी जेव्हा आपल्याकडे आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि जुलैत ८५ च्या वर जाते, तेव्हा ती फारशी कुरकुर करत नाही. आख्ख्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवतात. बारा वर्षांच्या मुलीला एफ-३१० च्या तारांची ६३४ मिलीमीटरची वाजती लांबी सहसा झेपते. खांदा फार वर उचलावा लागत असेल, तर यामाहाचीच ५४० मिलीमीटरची जेआर-२ बघा. त्यांचीच नायलॉन तारांची सी-४० बोटांना मऊ असते, पण तिची नेक ५२ मिलीमीटर रुंद आणि एफ-३१० ची ४३. छोट्या हाताला रुंदीही जाचते. म्हणून मुलीला बरोबर न्या, तिला बसवून गिटार मांडीवर द्या आणि खांदा, मनगट बघा.

शेवटचं साताऱ्याच्या दुकानाबद्दल. तुम्ही म्हणता ओळखीचं आहे. मग उद्या जाऊन त्यांना एवढंच विचारा, "नटच्या खाचा कोण घासतं तुमच्याकडे?" त्यांनी एखाद्या माणसाकडे बोट दाखवलं, तर त्या माणसाशी बोला आणि घ्या. कुणीच नाही म्हणाले, तर पुण्याहून घ्या आणि माझ्यासारख्या कुणाकडे अर्धा दिवस ठेवा. कुठूनही घेतलीत तरी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपून हवा कोरडी झाली की एकदा पुन्हा दाखवून आणा. पहिल्या पावसाळ्यात नेक हलते, ट्रस रॉडचा पाव-अर्धा फेरा लागतो, आणि तोवर मुलीच्या तारा बदलायची वेळही झालेली असते.